मोकळा सायलेन्सर म्हणजे ताकद नव्हे



‘सायलेन्सर मोकळा केला की टर्बो गाडी पळते’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. टर्बाइनला चिकटलेला पाइप महत्त्वाचा. मागचा डबा बदलून वाढतो तो मुख्यतः आवाज. उघड्या फिल्टरचेही तसेच. तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो आणि इंटरकूलरचे काम वाढवतो. अंबड-सातपूरच्या धुळीत विरळ जाळीचा फिल्टर तर नकोच. मिनिटाला लाखभर फेरे घेणारी कॉम्प्रेसरची पाती धुळीने झिजतात! माझ्या नाशकातच बनलेल्या डिझेल स्कॉर्पिओचा दम गेला होता, तो इंटरकूलरच्या फाटक्या होसमुळे. आधी होस तपासा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्याचा सल्ला मात्र त्या पत्रलेखकाने मागे घ्यावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनी-वायू प्रदूषणाचे निकष मोडणे गुन्हा आहे, आणि आवाजाचे म्हणाल तर गंगापूर रोडच्या दवाखान्यांत रात्री आजारी माणसे झोपलेली असतात.

— एक वाचक, सातपूर, नाशिक