कपाटाची किल्ली कुणाकडे?

६ जून २०२५ रोजी केंद्र सरकारचं ‘उम्मीद’ पोर्टल सुरू झालं. वक्फ मालमत्तांची नोंद सहा महिन्यांत त्यावर करा, असा हुकूम आला. त्या कायद्यावर आपण खूप बोललो आणि बोललंच पाहिजे. पण त्या सहा महिन्यांत आपलं स्वतःचं काय उघडं पडलं, यावर कुणी बोलत नाही.

उर्दू आणि मराठी दोन्ही वाचता येतं म्हणून शिरूर-दौंड भागातल्या एका जमातीनं मला कागद बघायला बोलावलं. कागद माजी सदरसाहेबांच्या घरी, लोखंडी कपाटात. त्यांचा इंतकाल झालेला. किल्ली मुलाकडे आणि मुलगा पुण्याला. कपाट उघडलं, तर वक्फनामा उर्दूत आणि सातबारा मराठीत. दोन्ही शेजारी ठेवून कुणी कधी वाचलेच नव्हते. ज्या कब्रस्तानात आपले आईबाप आहेत, त्याचा गट नंबर कमिटीतल्या एकालाही सांगता आला नाही.

शिरूरला लागूनच पारनेर तालुका. तिथल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी माहितीच्या अधिकारासाठी उपोषणं केली. महाराष्ट्रात २००२ साली कायदा आला, २००५ साली देशात. त्याचं कलम ४ सांगतं की सरकारी कार्यालयानं कुणी मागण्याआधीच माहिती जाहीर करावी. त्या कायद्याखाली आपण तहसीलमध्ये बिनधास्त अर्ज देतो. आपल्याच कमिटीला जुम्म्यानंतर हिशेब विचारला, की उत्तर येतं, “शक कर रहे क्या?”

म्हणे, घरची गोष्ट बाहेर गेली तर जमीन जाईल. अहो, ज्याला जमीन बळकावायची आहे त्याला गट नंबर तोंडपाठ असतो. माहीत नसतो तो पहिल्या सफमध्ये उभ्या असलेल्या नमाजीला आणि घरात बसून चंदा देणाऱ्या त्याच्या आईला.

कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, असं सांगते. १९९५ चा वक्फ कायदाही मुतवल्लीला दरवर्षी बोर्डाकडे हिशेब द्यायला लावतो. दीन आणि कायदा एका बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला फक्त किल्ली आहे.

म्हणून येत्या जुम्म्याला चारच गोष्टी मागा. सातबाऱ्याची प्रत मशिदीच्या फळ्यावर. वर्षाचा जमाखर्च तिथेच, मराठीत आणि उर्दूत. सगळ्या कागदांचे फोटो निदान पाच जणांकडे. आणि कपाटाला दोन किल्ल्या, दोन घरांत.

यात कुणावर शक नाही. अमानत सांभाळायची रीतच ही आहे.