वय मोजता, मग धडधाकट वर्षे कोण मोजणार?

भारतीय माणसाचे आयुर्मान वाढले, ही बातमी अधूनमधून छापून येते. स्वातंत्र्याच्या वेळी तिशीच्या आसपास असलेले आयुर्मान आज सत्तरीच्या घरात गेले आहे. हे खरे आहे आणि त्याचा आनंद आम्हालाही आहे. पण आमच्या वस्तीतली धुणीभांडी करणारी बाई पन्नाशीत गुडघे धरून बसते. नाक्यावरचा मजूर पंचेचाळिशीत दम लागतो म्हणून घमेले खाली ठेवतो आणि पुढची वर्षे मुलाच्या मजुरीवर काढतो. आयुर्मानाच्या हिशेबात ही वर्षेही जमेलाच धरली जातात. म्हणून आमचा प्रश्न आहे: माणूस किती वर्षे जगला हे मोजता, पण त्यातली किती वर्षे तो धडधाकट होता हे कोण मोजणार? आणि ते जातनिहाय मोजणार की नाही?

मोजण्याची पद्धत नाही, अशी सबब इथे चालणार नाही. 1971 मध्ये डॅनियल सुलिव्हन या अमेरिकी संशोधकाने एक सोपी रीत मांडली. प्रत्येक वयोगटात लोक एकूण किती वर्षे जगतात ते घ्या. त्या वयोगटातले किती टक्के लोक आजारी किंवा अपंग आहेत ते पाहा. तेवढा भाग वजा करा आणि उरलेल्याची बेरीज करा. जागतिक आरोग्य संघटना याच धर्तीवर, आजार जितका गंभीर तितकी वजावट मोठी धरून, निरोगी आयुर्मान काढते. संघटनेच्या अंदाजानुसार 2019 मध्ये भारताचे आयुर्मान 70.8 वर्षे होते, तर निरोगी आयुर्मान 60.3 वर्षे. म्हणजे सरासरी साडेदहा वर्षे दुखण्याने खाल्ली. याचा अर्थ प्रत्येकाची तब्येत साठाव्या वर्षी ढासळते असा नाही. ही वजावट बालपणापासून म्हातारपणापर्यंत आयुष्यभर पसरलेली असते.

पण सरासरी कुणाची? बंगल्यातला आणि गटारात उतरणारा एकाच आकड्यात बसवला की कुणाची किती वर्षे गेली ते दिसत नाही. 2022 मध्ये उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान यांच्यासह नऊ राज्यांच्या सरकारी आरोग्य सर्वेक्षणावर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सवर्ण हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे आयुर्मान चार वर्षांहून अधिक, दलितांचे तीन वर्षांहून अधिक आणि मुस्लिमांचे सुमारे एक वर्ष कमी निघाले. जे म्हणतात, "हा जातीचा नाही, गरिबीचा प्रश्न आहे", त्यांनी पुढचे वाचावे. आर्थिक स्थितीतला फरक धरूनही या दरीचा निम्म्याहून कमी भाग उलगडतो. उरलेला भाग कशाचा, हे आम्हाला कुणी शिकवू नये. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नव्हता.

इथे आपल्याच कार्यकर्त्यांना एक सांगायचे आहे. "दलित स्त्री सवर्ण स्त्रीपेक्षा 14.6 वर्षे आधी मरते" हे वाक्य आपण पोस्टरवर छापतो आणि भाषणात ठोकतो. तो आकडा मृत्यूच्या सरासरी वयाचा आहे, आयुर्मानाचा नाही. ज्या समाजात तरुणांचे प्रमाण जास्त, तिथे मृत्यूचे सरासरी वय तसेही खाली येते. अन्याय खरा आहे, पण आकडा चुकीच्या नावाने वापरला तर विरोधक आकडा खोडतो आणि त्यासोबत अन्यायही खोडला असे दाखवतो. बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी पुरावा चोख ठेवलाच पाहिजे.

पण चोख पुरावा आणायचा कुठून? मृत्यूच्या नोंदीत धर्म विचारतात, व्यवसाय विचारतात, तंबाखूची सवय होती का तेही विचारतात. जात विचारत नाहीत. नमुना नोंदणी पाहणीतून निघणारे आयुर्मान राज्यवार मिळते, स्त्री-पुरुष आणि शहर-खेडे असे मिळते. जातवार मिळत नाही. असे आकडे काढले तर म्हणे जातीयता वाढेल! थर्मामीटर लावल्याने कधी ताप आला आहे का?

मात्र नुसते "जातनिहाय मोजा" म्हणून भागणार नाही. कसे मोजता, हेही पाहावे लागेल. "तुम्हाला काही आजार आहे का?" असे विचारून निरोगीपण ठरवले तर आपण उलटे फसू. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की, केरळचे आयुर्मान बिहारपेक्षा कितीतरी जास्त असूनही स्वतःहून आजार सांगणाऱ्यांचे प्रमाण केरळमध्ये जास्त होते. शिकलेला आणि दवाखाना जवळ असलेला माणूस आजार ओळखतो. आपली आई मात्र म्हणते, "मला काय धाड भरलीय? चालतंय." कंबर मोडलेली असते, पण तिच्या लेखी तो आजार नसतो, कारण रोज बुडवणे परवडत नाही. अशा उत्तरांवर हिशेब केला तर दलित-आदिवासीच जास्त निरोगी ठरतील! म्हणून शरीराची तपासणी हवी: हाताची पकड, चालण्याचा वेग, फुप्फुसाची ताकद, रक्तदाब. मुंबईत देवनारला असलेल्या लोकसंख्या संस्थेने 45 वर्षांवरील लोकांच्या देशव्यापी पाहणीत हे सगळे मोजले आहे आणि त्यात सामाजिक प्रवर्गही नोंदला आहे. म्हणजे हे करता येते. मात्र जे 45 गाठण्याआधीच गेले, ते त्या पाहणीत नाहीत.

हा नुसता आकडेमोडीचा खेळ नाही. आपल्या राज्यात श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन मिळायला वय 65 लागते. ही अट घालताना कुणाचे शरीर डोळ्यांसमोर होते? 20 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मरणाऱ्यांच्या वारसांना 30 लाखांची भरपाई ठरवली आणि कायमचे अपंगत्व आल्यास किमान 20 लाख. न्यायालयाने मृत्यूसोबत अपंगत्वही मोजले, हे मोठे पाऊल. पण अपघात न होता वीस वर्षे तो वायू छातीत घेणाऱ्याची फुप्फुसे कोणत्या कागदावर आहेत?

1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने बोलताना, बाळंतपणात आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलावा, असे बाबासाहेबांनी मांडले. त्यांच्या स्वतःच्या पाच लेकरांपैकी चार गेली. 1935 मध्ये रमाई दीर्घ आजाराने गेल्या, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. कष्टकऱ्यांच्या शरीराची झीज ही त्यांच्यासाठी पुस्तकातली गोष्ट नव्हती.

2027 च्या जनगणनेत जात मोजली जाणार आहे. त्यातून आपण किती आहोत ते कळेल. किती वर्षे जगतो आणि कसे जगतो, ते कळणार नाही. म्हणून मृत्यूच्या नोंदीत आणि नमुना नोंदणीत सामाजिक प्रवर्ग आला पाहिजे, त्यावरून निरोगी आयुर्मान जातनिहाय जाहीर झाले पाहिजे आणि कष्टाच्या कामांसाठी निवृत्तिवेतनाचे वय खाली आले पाहिजे.

तोवर हात बांधून बसू नका. प्रत्येक विहारात, प्रत्येक अभ्यासिकेत एक वही ठेवा. नाव गुप्त ठेवून घराघरातून एवढेच लिहून घ्या: काम कोणते, कितव्या वर्षी लागले, कितव्या वर्षी अंगाने साथ सोडली. या वहीने शास्त्रीय आकडा सिद्ध होणार नाही, पण शासनाच्या टेबलावर ठेवायला प्रश्न तयार होईल. सुरुवात आपल्या आईपासून करा.

जय भीम!