चार मिनिटांचा ‘ताबाता’: व्हिडिओतला व्यायाम आणि संशोधनातला व्यायाम

मोबाईलवर ‘ताबाता’ शोधले की चार मिनिटांच्या व्यायामाचे ढीगभर व्हिडिओ दिसतात. २० सेकंद जोरात उड्या किंवा बैठका, १० सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या. ‘तासाभराचा फायदा चार मिनिटांत, संशोधनाने सिद्ध’ असा दावाही सोबत असतो. रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी त्यावर कितपत विसंबावे?

मूळ अभ्यास कोणावर झाला?

इझुमी ताबाता यांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. त्यात शारीरिक शिक्षण घेणारे, आधीच व्यायामाची सवय असलेले तरुण विद्यार्थी होते. व्यायाम प्रयोगशाळेतील सायकलवर, आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे चालला. आधी दहा मिनिटे वॉर्म-अप असे. २० सेकंदांचा जोर इतका असे की सात-आठ फेऱ्यांत विद्यार्थी पूर्ण थकून जात. शिवाय आठवड्यातील एक दिवस अर्धा तास मध्यम गतीने सायकल चालवावी लागे. म्हणजे ‘फक्त चार मिनिटे’ हे पूर्ण चित्र नाही. मोजमाप होते शरीराच्या प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेचे. पोट किती उतरले याचे नव्हे.

घरी उड्या मारताना बहुतेकांना तेवढा जोर लावता येत नाही, म्हणून तेवढ्या फायद्याची खात्री देता येत नाही. आणि खरोखरच तेवढा जोर लावला, तर गुडघे व हृदय यांवर येणारा ताण रुग्णांसाठी तपासलेला नाही.

रुग्णांवर काय आढळले?

हृदयाची पंपिंग क्षमता कमी असलेल्या रुग्णांवरील युरोपातील एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चार मिनिटे वेगवान व्यायाम आणि मध्ये हलका व्यायाम, अशी पद्धत देखरेखीखाली वापरली. १२ आठवड्यांनंतर ती सलग मध्यम व्यायामापेक्षा सरस ठरली नाही. सुमारे निम्म्या रुग्णांना ठरवलेली तीव्रताही गाठता आली नाही.

सोसवेल असा पर्याय

वेग बदलत व्यायाम करणे वाईट नाही. तो आपल्या वयाला आणि आजाराला साजेसा हवा. जपानमध्येच मध्यमवयीन व ज्येष्ठ व्यक्तींवर तीन मिनिटे भरभर आणि तीन मिनिटे सावकाश चालण्याचा अभ्यास झाला. पाच फेऱ्या, म्हणजे अर्धा तास, आठवड्यातून किमान चार दिवस. पाच महिन्यांत मांड्यांची ताकद वाढली आणि रक्तदाबही कमी झाला.

तेवढे जमत नसेल तर रोजचे नेहमीचे चालणे पुरे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तो मध्यम वेग समजावा.

हे लक्षात ठेवा

- हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्याला इजा असेल, तर जोराचा व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.
- बीटा ब्लॉकर गोळ्यांनी नाडीचा वेग कमी राहतो. घड्याळातील आकडा गाठण्यासाठी धडपडू नका.
- इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेत असाल, तर व्यायामात साखर एकदम घसरू शकते. सोबत साखर ठेवा.
- छातीत दुखणे, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर किंवा धडधड जाणवली तर लगेच थांबा. छातीतले दुखणे थांबले नाही तर १०८ वर फोन करा.

व्हिडिओ सुरू करण्यापूर्वी एक प्रश्न विचारा: हा व्यायाम माझ्यासारख्या माणसावर तपासला आहे का?