शिकवणारा कोण, ते आधी ठरवा

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा विषय निघाला की दोन सूर हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, पोरांना फुकटचे पैसे वाटले. दुसरा म्हणतो, इतके महिने राबवून घेतलंत, आता कायम करा. वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटहून हैदराबादच्या दिशेने निघालं की महामार्गावर वडनेर लागतं. तिथल्या एखाद्या टपरीवर हा वाद काढून पाहा, दोन्ही बाजू तावातावाने बोलतील. मात्र त्या पोरांना कोणी काय शिकवलं, हा प्रश्न दोघांपैकी कोणीच विचारणार नाही. माझं म्हणणं त्या एका प्रश्नाबद्दलच आहे.

योजना जुलै २०२४ ची. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. वय १८ ते ३५. मुदत सहा महिन्यांची होती, मार्च २०२५ मध्ये ती अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. पैसे थेट बँकेत जमा व्हायचे. कोणाला किती द्यायचे, हे शासनाने चोख ठरवलं. तेवढ्याच चोखपणे शिकवणारा माणूस नेमला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

आधी फुकटच्या पैशांचा आरोप घेऊ. वडनेरच्या आसपासच्या कापूस-सोयाबीनच्या गावातली बी.ए. झालेली मुलगी डोळ्यांसमोर आणा. सकाळी घरचं आवरून ती एखाद्या सरकारी कार्यालयात हजर होते. मस्टरवर सही करते. मग भिंतीजवळच्या खुर्चीवर बसून राहते. कोणी झेरॉक्स काढायला पाठवतं, कोणी पोर्टलवर नावं चढवायला सांगतं. "साहेब आले की सांगतो," एवढंच मार्गदर्शन तिच्या वाट्याला येतं. दुपारनंतर ती मोबाइल पाहत बसली की येणारा-जाणारा म्हणतो, पाहा, पगार कशाचा घेते! अशी खुर्ची मी एकापेक्षा जास्त कार्यालयांत पाहिली आहे आणि दरवेळी मला त्या मुलीचा नव्हे, तिला तिथे बसवणाऱ्यांचा राग आला आहे. काम न देणाऱ्याचा दोष काम मागायला आलेल्याच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

यावर कार्यालयातले जुने लोक म्हणतात, आम्हाला कोणी शिकवलं होतं? बसता-बसता येतं सगळं. हे साफ खोटं आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ घ्या. कर आकारणीची ही नोंदवही नुसती समोर ठेवली तर कोऱ्या माणसाला त्यात रकाने दिसतील, आकडे दिसतील, बाकी काही नाही. पण ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्या मुलीला शेजारी बसवून सांगावं, "हे पाहा बेटा, या घराची आकारणी इथे. यावरून नमुना ९ मध्ये मागणी निघते. पैसे भरले की नमुना १० ची पावती फाडायची आणि रक्कम रोकडवहीत घ्यायची. आता या गल्लीची थकबाकी तू काढ." दोन दिवसांनी तिने काढलेली यादी त्याने तपासावी, चूक झाली असेल तर ती कुठे झाली ते दाखवावं. एवढं झालं की त्या मुलीला गावाचा पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो, हे कळतं. पुढे ती बचत गटाचा हिशेब ठेवेल, दुकान टाकेल किंवा सरपंच होईल, तिथेही हे तिच्या कामी येईल.

ई-पीक पाहणीचंही तेच. सीसीआयला, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा तर सातबाऱ्यावर कापसाची नोंद लागते. नोंद हुकली की शेतकरी हमीभावाला मुकतो आणि मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला माल देतो. ज्या पोराच्या बापाला हा फटका बसला आहे, त्याला महिनाभर ग्राम महसूल अधिकाऱ्यासोबत बांधावर फिरवा. तो जीव लावून शिकेल आणि गावातल्या शंभर जणांच्या नोंदी करून देईल.

शिकवणाऱ्याशिवाय काम येत नाही, हे वर्ध्याला कोणी सांगायला हवं का? ऑक्टोबर १९३७ मध्ये याच जिल्ह्यात, वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत, गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार मांडला. डॉ. झाकिर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम बांधला आणि आशादेवी व आर्यनायकम यांनी सेवाग्रामात तो चालवला. तिथे तकली हातात दिली की शिक्षण झालं, असं कोणी मानत नव्हतं. शेजारी शिक्षक बसलेला असे आणि सुताच्या लांबीतून गणित, कापसातून भूगोल काढून दाखवणं हे त्याचं काम असे. शिक्षक वजा केला तर उरते नुसती मजुरी.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा मालकाला बजावतो की, तुला स्वतःला तो व्यवसाय येत नसेल तर शिकाऊ उमेदवाराच्या प्रशिक्षणावर पात्र माणूस नेम. आयएएस होऊन आलेल्या तरुणाला तर सरकार जिल्हाधिकाऱ्याच्या हाताखाली सुमारे वर्षभर ठेवतं, गावपातळीपासून सगळी कामं दाखवतं. म्हणजे शिकवायचं कसं, हे शासनाला येतं. ते वडनेरच्या बी.ए. झालेल्या मुलीसाठी करावंसं वाटलं नाही, हे मला सहन होत नाही.

आता 'कायम करा' ही मागणी. आंदोलनाला बसलेल्या पोरांची तळमळ खरी आहे. जागा रिकाम्या ठेवून प्रशिक्षणार्थ्यांकडून त्याच जागांचं काम करून घेतलं जात असेल, तर ती उघड फसवणूक आहे. रिक्त पदं भरा, ही मागणी मीही करतो. पण सरसकट कायम करण्याचं आश्वासन देणारा पुढारी या पोरांना झुलवतो आहे. उमादेवी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच सांगितलं आहे की, रीतसर भरतीशिवाय लागलेल्यांना कायम होण्याचा हक्क मिळत नाही. भरतीत या अनुभवाला काही वजन द्या, ही मागणी मात्र रास्त आहे. तिच्यासाठी भांडायचं तर प्रमाणपत्रावर 'अकरा महिने काम केले' एवढंच लिहून भागणार नाही. कोणतं काम स्वतंत्रपणे येतं, कोणी तपासलं, हे लिहिलेलं असलं पाहिजे.

शेवटचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. एकेका ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे दोन-दोन गावं असतात, ग्रामीण रुग्णालयात ओपीडीची रांग हटत नाही, मग शिकवायला वेळ कोणाकडे आहे? खरं आहे. म्हणून हे काम उपकाराखातर करा, असं मी म्हणत नाही. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्यामागे एका कर्मचाऱ्याचं नाव आदेशात घाला, आठवड्याचे तीन तास त्याच्या कामात धरा आणि त्याने काय शिकवलं याची नोंद त्याच्या गोपनीय अहवालात घ्या. ज्या कार्यालयाला असं एकही नाव देता येत नाही, तिथे प्रशिक्षणार्थी पाठवूच नका.