सुधारणेच्या मोहिमा आणि मुकी केलेली स्त्री

दिघीच्या धक्क्यावरून जलमार्गाने निघाले की जंजिरा फार दूर नाही. आफ्रिकेतून आलेल्या हबशांनी तो शतकानुशतके राखला. त्यांच्या वंशजांचे संस्थान 1948 मध्ये विलीन झाले. आफ्रिका म्हणजे भाले, मणी आणि अज्ञान, ही समजूत निदान या किनाऱ्यावर तरी टिकावयास नको होती. ती टिकते, कारण आफ्रिकेची चित्रे आपल्याकडे लंडन-न्यूयॉर्कमार्गे येतात.

स्त्रियांच्या सुंतेविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय मोहिमांतील मसाई स्त्री हे असेच एक चित्र. गळ्यात माळा, अंगावर लाल वस्त्र, डोळ्यांत पाणी आणि तोंडी एक शब्द नाही. केनियातील नारोकच्या अ‍ॅग्नेस परेयियो या मसाई स्त्रीने लाकडी प्रतिकृती घेऊन पायी गावे पालथी घातली, पळून आलेल्या मुलींसाठी आश्रयगृह उभारले. तथापि देणगीच्या आवाहनाला रडणारी मुलगीच अधिक सोयीची. 1904 व 1911 च्या करारांनी ब्रिटिशांनी मसाईंची उत्तम कुरणे बळकावली, हे त्या चित्रात कोठून येणार? ब्रिटिश अंमलाच्या पाठबळाने 1956 मध्ये मेरू भागात सुंताबंदी आली, तेव्हा शेकडो मुलींनी हट्टाने एकमेकींची सुंता केली.

म्हणून प्रथा राहू द्यावी, असे कोणी समजू नये. अजाण मुलीच्या शरीरावर शस्त्र चालविण्याचा अधिकार कोणत्याही संस्कृतीस नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न परका नाही. दाऊदी बोहरा समाजात सुमारे सात वर्षांच्या मुलीचा खतना करण्याची रूढी आहे. बोहरा स्त्रियांनी पुढाकार घेतलेल्या ‘सहियो’ संघटनेच्या 2017 च्या पाहणीत 385 पैकी 80 टक्के स्त्रियांनी आपल्यावर तो झाल्याचे सांगितले. मुलीला नेते ती बहुधा आई वा आजी. त्या आजीला क्रूर ठरविले की शहरी सुधारकाचे काम संपते! तिच्यामागे उभी असलेली सत्ता मात्र अस्पर्शित राहते. धर्मगुरूंची अवकृपा झाली की लग्न, दफन, व्यवहार सारेच अडते. बहिष्काराच्या या अस्त्राविरुद्ध मुंबई राज्याने 1949 मध्ये कायदा केला. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला. असगर अली इंजिनियर प्रभृती सुधारकांनी या अस्त्राचे घाव सोसले आहेत. 2016 मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. आजीच्या हातातील मुलीचा हात सुटावयाचा असेल, तर हा कायदा किती वापरला जातो हे आधी पाहिले पाहिजे. कायद्याचा धाक असला की धर्मपीठेही बदलतात: त्याच 2016 साली काही परदेशी बोहरा जमातींनी स्थानिक कायद्याचा हवाला देऊन खतना करू नये, अशी पत्रे काढली.

खतन्याविरुद्धची याचिका 2017 मध्ये दाखल झाली ती समाजाबाहेरील एका वकील स्त्रीची. 2018 मध्ये ती पाच न्यायाधीशांच्या पीठाकडे गेली, 2019 मध्ये तिच्यातील प्रश्न शबरीमला प्रकरणाबरोबर अधिक मोठ्या पीठाकडे जोडला गेला. धर्मस्वातंत्र्याच्या नावाने प्रथेची बाजू घेणारी संघटनाही बोहरा स्त्रियांचीच. त्यांना बाहुल्या म्हणणे सोपे आहे. त्यांच्याशी वाद घालणे कष्टाचे आहे, आणि तेच करावयास हवे.

दिघीच्या परिसरातील मुसलमान प्रामुख्याने कोकणी सुन्नी, बोहरा नव्हेत. ‘मुस्लिम स्त्रीची व्यथा’ अशा मथळ्याचे शहरात छापलेले पत्रक हा भेद जाणत नाही. नवरा आखातात वा जहाजावर असता शेत, कोर्टकज्जा आणि मुलांची शाळा सांभाळणाऱ्या बाईच्या हाती कार्यकर्त्याने ते ठेवले, तर ती वाचून परत करील, आणि पुढल्या वेळी रेशन वा तलाकच्या प्रश्नावरील सभेलाही येणार नाही. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंच्या पुढाकाराने मुंबईच्या विधानभवनावर मोर्चा गेला. त्यात सातच मुसलमान स्त्रिया होत्या. परंतु मागणी त्यांची होती आणि निवेदन त्यांनीच दिले.