स्वस्त इन्शुरन्स आणि महागडी अक्कल

गेल्या शनिवारी सॅन होजेत एका मित्राच्या घरी आमची गोलमेज परिषद भरली होती. विषय: त्याची डीयूआय. पार्टीनंतर "दोनच तर बिअर झाल्यात" म्हणत साहेब गाडी घेऊन निघाले आणि पोलिसाच्या यंत्राने ०.०८ च्या वरचा आकडा दाखवला. कोर्ट झालं, दंड झाला. आता लायसन परत हवं तर इन्शुरन्स हवा, आणि जुन्या कंपनीने हात वर केलेले.

मग काय, सल्ल्यांचा पाऊस! "गाडी वहिनीच्या नावावर कर, तुझं नाव लिहूच नको." "एसआर-२२ नावाचा इन्शुरन्स असतो, त्यातला स्वस्त बघ." "मिनिमम घे रे, कागदापुरता." लाज वाटते सांगायला, पण हा शेवटचा सल्ला माझा होता. घरी येताना डोकं ठिकाणावर आलं, म्हणून हे लिहितोय.

मंडळी, एसआर-२२ हा इन्शुरन्स नाहीच मुळी. कायद्याला हवी तेवढी पॉलिसी या माणसाकडे आहे, असं कंपनीने डीएमव्हीला पाठवलेलं ते प्रमाणपत्र. त्याची फी किरकोळ असते. प्रीमियम चढतो तो डीयूआयमुळे. हे प्रमाणपत्र साधारण ३ वर्षं चालू ठेवावं लागतं. मध्येच हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली, की कंपनी डीएमव्हीला कळवते आणि लायसन पुन्हा सस्पेंड. शिवाय कॅलिफोर्नियातला किमान २० टक्क्यांचा गुड ड्रायव्हर डिस्काउंट १० वर्षं विसरायचा.

वहिनीच्या नावाची आयडिया तर अफलातूनच! घरात गाडी चालवणारे कोण कोण, हे कंपनी फॉर्मवर विचारते. तिथे खोटं लिहिलं आणि उद्या अपघात झाला, तर कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते. म्हणजे हप्ते भरूनही हातात भोपळा.

आता माझा 'मिनिमम'. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान लायबिलिटी अशी: एका माणसाच्या इजेसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या इजेसाठी मिळून ६० हजार, दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी १५ हजार. त्याआधी हेच आकडे १५, ३० आणि ५ हजार होते! इथल्या हॉस्पिटलात ऑपरेशन होऊन आठवडाभर पडलेल्या माणसाला ३० हजार कुठे पुरणार? उरलेले पैसे कोर्ट आपल्या पगारातून वसूल करू शकतं. आणि पगारात तेवढं नसेल, तर तो बिचारा आपल्या दोन बिअरचं बिल जन्मभर भरत बसणार.

आपण भारतातल्या थर्ड पार्टीला हसतो. तिथे कारचा प्रीमियम इंजिनाच्या सीसीवर ठरतो, ड्रायव्हर कसा आहे ते कोणी विचारत नाही, हे खरंय. पण मृत्यू किंवा इजा झाली तर तिथल्या भरपाईला वरची मर्यादा नाही. ट्रायब्युनल ठरवेल ती रक्कम. इथे मात्र ज्याला कायद्यानेच धोकादायक ठरवलं, तोच सगळ्यात कमी कव्हर घेऊन हायवेवर येतो, आणि त्याला ते घ्यायला सांगणारे आपण एमएस झालेले इंजिनिअर. शाब्बास!

पैसे वाचवायचेत ना? जरूर वाचवा, पण स्वतःच्या पत्र्यावर वाचवा. गाडी जुनी आणि कर्जमुक्त असेल तर कोलिजन काढून टाका, नसेल तर डिडक्टिबल वाढवा. १९८८ च्या प्रपोझिशन १०३ मुळे इथे ड्रायव्हिंग रेकॉर्डच्या खालोखाल वर्षाचे मैल महत्त्वाचे. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करत असाल तर खरे मैल सांगा, ते कमीच भरतील. क्रेडिट स्कोअर कॅलिफोर्नियात धरत नाहीत, त्याची चिंता नको. दोन-चार कंपन्यांचे आणि एखाद्या स्वतंत्र ब्रोकरचे कोट्स घ्या, पण सगळीकडे कव्हर तेच ठेवून, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. कोणीच दारात उभं केलं नाही तर राज्याची असाइन्ड रिस्क योजना आहेच. आणि लायबिलिटी? १००/३०० चा कोट मागितल्याशिवाय मिनिममवर सही करू नका.

काल मित्राला फोन करून माझा सल्ला मागे घेतला. "आता सांगतोस होय? मी ऑनलाइन फॉर्म भरत बसलो होतो," म्हणाला. सोमवारी दोघं ब्रोकरकडे जाणार आहोत.

असो. पुढच्या पार्टीला टॅक्सी मी बोलावणार, पैसेही माझेच.