मुलाची पाटी कोरी, बापाची नाही

यंदा रमजान बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत आला. सहरी आटोपून पुस्तक उघडणारी मुले वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, आर्वीच्या मोहल्ल्यांत आहेत. निकालानंतर त्यांच्यापैकी अनेकांची दुसरी परीक्षा बँकेच्या काउंटरवर होईल. देवळी-सेलूच्या शेतकऱ्यांच्या मुलांनाही तीच द्यायची आहे.

अठरा वर्षांच्या मुलाने कधी कर्ज घेतलेले नसते. सिबिलच्या अहवालात अशा व्यक्तीपुढे गुणांऐवजी ‘उणे 1’ येते. 300 ते 900 च्या मोजपट्टीवर तो बसतच नाही. उणे 1 म्हणजे वाईट शेरा नव्हे, नोंद नाही एवढेच. केवळ कर्जाचा इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेने 6 जानेवारी 2025 च्या निर्देशांत बँकांना सांगितले आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला केंद्राची हमी योजना आहे, त्यामुळे तारण किंवा तिसरा जामीनदार मागण्याचे कारण उरत नाही.

मग गाडी अडते कुठे? आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून सही करतात तिथे. मुलाची पाटी कोरी असली तरी बापाची नसते.

वर्धा हा पश्चिम विदर्भातल्या त्या सहा जिल्ह्यांपैकी एक, ज्यांच्यासाठी 2006 मध्ये पंतप्रधानांचे पॅकेज आले. 2012 मध्ये परवान्याअभावी रिझर्व्ह बँकेने वर्धा, नागपूर आणि बुलढाणा जिल्हा बँकांना नव्या ठेवी घ्यायला मनाई केली. ज्या बँकेशी गावाचा रोजचा संबंध, तीच आजारी पडली. शेतकरी राष्ट्रीयीकृत बँकेकडे वळला किंवा सावकाराकडे. सावकाराचे पैसे वेळेवर फेडले तर त्याची नोंद कुठेच होत नाही. बँकेचा एक हप्ता चुकला तर ती वर्षानुवर्षे राहते. 2017 ची कर्जमाफी दीड लाखांपर्यंत, 2019 ची दोन लाखांपर्यंत. त्यावरचे अनेकजण थकबाकीतच राहिले. शहरातल्या वेल्डिंगवाल्याची, शिंप्याची किंवा फळगाडीवाल्याची गोष्ट फार वेगळी नाही. दहा वर्षे भिशीचा एक हप्ता न चुकवणारा माणूस बँकेच्या संगणकात अस्तित्वातच नसतो.

मे 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीककर्जासाठी सिबिल मागू नका, अशी तंबी बँकांना दिली. त्याच शेतकऱ्याच्या मुलीच्या शैक्षणिक कर्जाबाबत एवढा आवाज ऐकू आला नाही. केरळ उच्च न्यायालयाने मात्र 2020 मध्येच म्हटले होते, की पालकांचा सिबिल खराब आहे हे शैक्षणिक कर्ज नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. शिकून झाल्यावर विद्यार्थी फेडू शकेल का, हे पाहायचे. हा निकाल महाराष्ट्रातल्या बँकेवर बंधनकारक नाही, पण अर्जासोबत जोडायला कुणाची हरकत नसावी.

पुढची कमाई हीच पत, हा विचार नवा नाही. बदरची लढाई रमजानच्या 17 तारखेची. त्यात पकडलेल्या कैद्यांपैकी ज्यांच्याकडे खंडणी नव्हती पण अक्षरज्ञान होते, त्यांनी मदीनेतल्या दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवावे आणि सुटावे, असे पैगंबर मुहम्मद (स.) यांनी ठरवल्याचे परंपरा सांगते. खिसा रिकामा असलेल्या माणसाचे शिक्षणच तिथे रकमेच्या जागी धरले गेले.

व्याजाचा प्रश्न आहेच. अनेक मुस्लिम घरे त्यामुळे बँकेची पायरी चढत नाहीत, आणि तो निर्णय ज्या-त्या घराचा. एवढे माहीत असावे, की वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणकाळातले व अधिक एक वर्षाचे व्याज केंद्र भरते. त्यानंतरचे कुटुंबावर येते. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक महामंडळ कमी व्याजात शैक्षणिक कर्ज देते, पण तिथे जामीनदार लागतो. पगारदार जामीनदार मिळणे हेच गरीब वस्तीतले सगळ्यात अवघड काम.

आणि जकात. कुरआनने जकातीचे जे आठ हक्कदार सांगितले, त्यात कर्जात बुडालेला माणूस स्वतंत्रपणे आहे. जकात बहुतेक ठिकाणी धान्याच्या किटमध्ये आणि शंभर-पाचशेच्या नोटांत वाटली जाते. एखाद्या हलाखीतल्या बापाची बारा-पंधरा हजारांची जुनी थकबाकी मशीद कमिटीने फेडली, तर त्या घरातल्या मुलीची फाइल पुढे सरकू शकते. तडजोडीने खाते मिटवू नये, अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो. पूर्ण रक्कम भरून नो ड्यूज घ्यावे. चुकीची नोंद असेल तर तक्रार करावी. 30 दिवसांत निवारण झाले नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

अर्ज नाकारायचाच असेल तर इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेप्रमाणे शाखेने वरिष्ठ कार्यालयाची संमती घेऊन कारण विद्यार्थ्याला कळवायचे असते. तोंडी ‘होणार नाही’ ऐकून परत येऊ नये, ते कागदावर मागावे. प्रवेश जून-जुलैत सुरू होतात. नोंद दुरुस्त व्हायला महिना लागतो, म्हणून जुनी खाती तपासण्याचे काम ईदच्या खरेदीआधी हाती घेतलेले बरे.